अध्यापन-दिनदर्शिका : संगणकीय कोष्टकाच्या साहाय्याने वार्षिक नियोजन

शाळा उघडण्याच्या सुमारास प्रत्येक शिक्षक वार्षिक नियोजनाचा तक्ता तयार करतो. एका बाजूस पाठ्यपुस्तकातील घटक, दुसऱ्या बाजूस महिने, अशी आखणी होऊन तक्ता भिंतीवर लागतो. जून व जुलै या महिन्यांत तो बहुधा खरा असतो. पुढे एखाद्या आठवड्यात अतिवृष्टीमुळे शाळा बंद राहते, कधी प्रशिक्षणाचा आदेश येतो, कधी निवडणुकीचे काम निघते. आणि ऑगस्ट संपता संपता तक्ता एकीकडे व वर्ग दुसरीकडे अशी स्थिती होते. तक्ता पुन्हा लिहिणे कष्टाचे असल्याने तो तसाच राहतो. चुकलेल्या दिवसांचा भार मग सत्राच्या शेवटच्या घटकांवर पडतो. ते घाईने उरकले जातात किंवा राहून जातात.

याचा परिणाम त्या वर्षापुरता राहिला असता तर एक वेळ चालले असते. परंतु तिसरीत राहून गेलेला भागाकार चौथीत येतो असे गृहीत धरले जाते. चौथीच्या शिक्षकास विद्यार्थी मंद वाटतो. वास्तविक त्याला तो घटक कोणी शिकविलेलाच नसतो. यास्तव नियोजन हे केवळ दप्तर नव्हे. कोणत्या मुलाला काय मिळेल आणि काय मिळणार नाही, याचा निर्णय त्यात होत असतो. हा निर्णय अजाणता होऊ नये, चुकलेला दिवस वेळीच दिसावा व उरलेल्या दिवसांची फेरमांडणी सहज व्हावी, यासाठी संगणकीय कोष्टक, म्हणजेच स्प्रेडशीट, कसे उपयोगी पडते ते पुढे क्रमाने दिले आहे.

कोष्टकाचे मर्म

संगणकीय कोष्टकाचा उगम एका फळ्यापाशी झाला, ही गोष्ट शिक्षकांना विशेष जवळची वाटेल. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात व्यवसायशास्त्राचे शिक्षण घेत असताना डॅन ब्रिकलिन यांनी प्राध्यापकांना फळ्यावर आकड्यांचे कोष्टक मांडताना पाहिले. त्यातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सर्व आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. फळाच जर ही पुनर्गणना करील तर, या विचारातून ब्रिकलिन व त्यांचे सहकारी बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली ‘व्हिसिकॅल्क’ हे कोष्टक तयार केले. आज वापरात असलेली एक्सेल, लिबरऑफिस कॅल्क व गूगल शीट्स ही त्याच कल्पनेची पुढील रूपे होत. यांपैकी लिबरऑफिस विनामूल्य मिळते व गूगल शीट्स भ्रमणध्वनीवरही चालते. पुढे दिलेली सूत्रे तिन्ही ठिकाणी लागू पडतात.

कोष्टकाचे मर्म एवढेच की, एका चौकटीतील मजकूर दुसऱ्या चौकटीवर अवलंबून ठेवता येतो. पहिली बदलली की दुसरी आपोआप बदलते. भिंतीवरील तक्त्यात हा गुण नाही. जो शिक्षक संगणकावर केवळ रेघा आखून तक्ता टंकित करतो, तो संगणकाचा वापर सुंदर अक्षरापुरताच करतो; कागदाचा दोष त्याच्या तक्त्यात तसाच राहतो.

दुसरी जाणण्याजोगी गोष्ट तारखेविषयी. कोष्टक तारीख ही संख्या म्हणून साठविते. १ जानेवारी १९०० हा दिवस १ धरून एक्सेल पुढे मोजत जाते. त्या हिशेबाने १५ जून २०२६ या सोमवारची संख्या ४६१८८ येते. तारीख संख्या असल्यामुळेच तिच्यात दिवस मिळविता येतात व दोन तारखांतील अंतर काढता येते. मात्र टंकित केलेली तारीख संगणकाने तारीख म्हणून स्वीकारली आहे की केवळ अक्षरे म्हणून, हे पाहून घ्यावे. स्वीकारली असल्यास ती चौकटीत उजव्या बाजूस सरकते, न स्वीकारल्यास डावीकडे राहते. संगणकाची मांडणी महिना प्रथम अशी असल्यास ५ जुलै ही तारीख ७ मे म्हणून नोंदली जाण्याचा संभव असतो. म्हणून आरंभी दोन-चार तारखा महिन्याच्या नावासह दिसतील अशी व्यवस्था करून खात्री करावी.

पहिले पान : न शिकविण्याचे दिवस

नियोजनाचा आरंभ घटकांपासून न करता दिवसांपासून करावा. कोष्टकाच्या पहिल्या पानास ‘सुट्ट्या’ असे नाव देऊन त्यात दोन स्तंभ करावेत. ए या स्तंभात तारीख व बी या स्तंभात कारण लिहावे. सणांच्या व स्थानिक सुट्ट्या तर त्यात येतीलच. परंतु ज्या दिवशी शाळा भरते पण नवा पाठ होत नाही, असे सर्व दिवसही त्याच यादीत लिहावेत. संकलित मूल्यमापन, प्रशिक्षण, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन, सहल, ध्वजवंदन हे सर्व त्यात आले. कारणाच्या स्तंभात ‘सण’, ‘परीक्षा’, ‘प्रशिक्षण’, ‘पाऊस’ असे ठरावीक शब्दच वापरावेत. एक तारीख एकदाच लिहावी.

येथे एक भेद स्पष्ट असणे जरूर आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापन-तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास आवश्यक आहेत. त्याच अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांव्यतिरिक्त अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकास देता येत नाहीत. परंतु ही कामे आली म्हणजे दिवस जातातच. कामाचा दिवस आणि अध्यापनाचा दिवस ही एक गोष्ट नव्हे. नियोजन अध्यापनाच्या दिवसांवर उभारले पाहिजे.

हा भेद किती मोठा असतो ते एका कल्पित शाळेच्या उदाहरणाने पाहू. शाळा १५ जून २०२६ रोजी उघडली व प्रथम सत्र ३१ ऑक्टोबर रोजी संपले असे धरावे. (विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, तेथे व अन्यत्रही प्रत्यक्ष आदेशातील तारीख घ्यावी.) या मुदतीत एकूण १३९ दिवस येतात. त्यांतून १९ रविवार वजा केले असता १२० उरतात. बहुतेकांच्या मनात हाच आकडा असतो. शनिवारी सकाळची अर्धवेळ शाळा असते. तो दिवस उजळणी, कार्यानुभव व कवायत यांसाठी राखून नवा पाठ घ्यावयाचा नाही असे ठरविल्यास २० शनिवार कमी होऊन १०० दिवस राहतात. सोमवार ते शुक्रवार या दिवसांत ११ सुट्ट्या आल्या तर ८९. मूल्यमापनाचे ८, प्रशिक्षणाचे ५ व क्रीडास्पर्धादी कार्यक्रमांचे ४ असे १७ दिवस वजा जाता ७२. आकस्मिक अडचणींसाठी सुमारे एक-दशांश, म्हणजे ७ दिवस, राखीव ठेवल्यास हाती ६५ दिवस येतात. १२० वाटणारे दिवस प्रत्यक्षात ६५ निघाले. हे जूनमध्ये कळले तर उपाय आहे, ऑक्टोबरमध्ये कळले तर केवळ खेद उरतो.

ही मोजणी हाताने करण्याचे कारण नाही. ‘नेटवर्कडेज.इंटल’ या सूत्रास आरंभाची तारीख, शेवटची तारीख, साप्ताहिक सुट्टीचा संकेतांक व सुट्ट्यांची यादी एवढे दिले की अध्यापनाचे दिवस मिळतात. संकेतांक ११ म्हणजे केवळ रविवार सुट्टी, १ म्हणजे शनिवार व रविवार आणि १६ म्हणजे केवळ शुक्रवार. राखीव दिवस मात्र त्यातून शिक्षकाने स्वतः वजा करावयाचे असतात.

दुसरे पान : घटक आणि त्यांच्या तारखा

दुसऱ्या पानावर प्रत्येक ओळीत एक घटक लिहावा. स्तंभ पुढीलप्रमाणे असावेत : ए क्रमांक, बी इयत्ता, सी विषय, डी घटक, ई तासिका, एफ आरंभ, जी समाप्ती आणि एच प्रत्यक्ष समाप्ती. एका इयत्तेच्या एका विषयाचे घटक सलग यावेत. प्रत्येक विषयास स्वतंत्र पान दिल्यास अधिक सोयीचे होते.

तासिकांची संख्या घटकाच्या पृष्ठसंख्येवरून ठरवू नये. मुलांना तो घटक किती कठीण जातो, यावरून ती ठरवावी. वरील ६५ दिवसांत तिसरीच्या गणितास रोज एक तासिका मिळते असे धरल्यास संख्याज्ञान १२, बेरीज ९, वजाबाकी १०, गुणाकार १४, भागाकार १२ व मापन ८ अशी ६५ तासिकांची वाटणी होऊ शकेल. बेरीज ६५ च्या वर जात असेल, तर कोणत्या घटकाचा वेळ कमी करावयाचा याचा विचार येथेच, शांतपणे करावा.

आता सूत्रे. सूत्रातील अक्षरे रोमन लिपीत व अंक इंग्रजी अंकांत टंकित करावे लागतात. येथे ती वाचनाच्या सोयीसाठी नागरीत दिली आहेत. पहिल्या घटकाची आरंभाची तारीख एफ२ या चौकटीत हाताने लिहावी. त्याची समाप्ती जी२ मध्ये अशी येते :

=वर्कडे.इंटल(एफ२, ई२-१, १, 'सुट्ट्या'!$ए$२:$ए$८०)

आरंभाचा दिवस हीच पहिली तासिका असल्यामुळे तासिकांतून एक वजा केला आहे. डॉलरच्या चिन्हामुळे सूत्र खालील ओळींत उतरविले तरी यादीचा पत्ता बदलत नाही. यादी ८० व्या ओळीपर्यंत घेतली आहे. त्यात पुढे नवीन तारखा लिहिण्यास रिकामी जागा राहते. दुसऱ्या घटकाचा आरंभ एफ३ मध्ये असा :

=वर्कडे.इंटल(इफ(एच२="", जी२, एच२), १, १, 'सुट्ट्या'!$ए$२:$ए$८०)

याचा अर्थ असा : मागील घटकाची प्रत्यक्ष समाप्ती लिहिली असेल तर तिच्यानंतरचा, नसेल तर नियोजित समाप्तीनंतरचा पहिला अध्यापन-दिवस घ्यावा. जी२ मधील सूत्र जी३ मध्ये उतरवावे. मग एफ३ व जी३ निवडून चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील लहान ठिपका धरून खाली ओढला की सर्व घटकांच्या तारखा भरल्या जातात.

मध्ये सुट्टी नाही असे धरल्यास १५ जूनला सुरू झालेला १२ तासिकांचा संख्याज्ञानाचा घटक ३० जूनला संपतो व ९ तासिकांची बेरीज १ जुलै ते १३ जुलै अशी येते. समजा २२ जूनला ओढ्याला पूर आल्याने शाळा भरली नाही. शिक्षकाने ‘सुट्ट्या’ या पानावर ती तारीख व ‘पाऊस’ हे कारण लिहावे. त्याच क्षणी संख्याज्ञान १ जुलैपर्यंत जाते, बेरीज २ ते १४ जुलै अशी सरकते आणि शेवटच्या घटकापर्यंत सर्व तारखा बदलतात. शिक्षकाने त्यानंतर खाली, शेवटच्या ओळीकडे पाहावे. शेवटची समाप्ती सत्राच्या मर्यादेच्या पुढे गेली तर ती चौकट तांबडी व्हावी, अशी अट घालून ठेवता येते. तांबडी चौकट दिसली तर राखीव दिवस वापरणे, शनिवारी जादा तासिका घेणे किंवा एखाद्या सोप्या घटकाच्या तासिका कमी करणे, हे तीन मार्ग शिक्षकाच्या हाती असतात. आणि ते वापरावयास अद्याप महिने शिल्लक असतात.

जोडवर्गाची योजना

द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन किंवा अधिक इयत्ता असतात. एका इयत्तेस प्रत्यक्ष अध्यापन चालू असता दुसरी इयत्ता स्वाध्याय करते. अशा शाळेत दोन्ही इयत्तांसाठी ६५ दिवस धरणे म्हणजे एकच तासिका दोनदा खर्च करणे होय.

यावर सूत्रात उपाय आहे. साप्ताहिक सुट्टीच्या संकेतांकाऐवजी अवतरणचिन्हांत सात अंक लिहिता येतात. पहिला अंक सोमवारचा, शेवटचा रविवारचा. ० म्हणजे अध्यापन, १ म्हणजे अध्यापन नाही. तिसरीचे गणित सोमवार, बुधवार व शुक्रवार या दिवशी प्रत्यक्ष शिकवावयाचे असेल तर "०१०१०११" असे, आणि चौथीचे मंगळवार व गुरुवार या दिवशी असेल तर "१०१०१११" असे लिहावे. वेळापत्रक जणू सूत्रातच उतरते. हाती असलेले ६५ दिवस पाच वारांत सारखे विभागले गेल्यास तिसरीस ३९ व चौथीस २६ तासिका येतात. हा आकडा पाहून कोणता घटक स्वाध्यायावर सोपविता येईल व कोणता समोर बसवूनच शिकविला पाहिजे, हे शिक्षकास ठरविता येते. द्वितीय सत्रात वारांची अदलाबदल केल्यास दोन्ही इयत्तांना न्याय मिळतो.

मुलाची दिनदर्शिका

शाळेचे दिवस आणि मुलाचे दिवस हेही नेहमी सारखे नसतात. बीड, अहिल्यानगर, जालना आदी जिल्ह्यांतून अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात जातात व हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांच्या मुलांपैकी जी सोबत जातात, त्यांच्यासाठी गावच्या शाळेचे वर्ष जवळजवळ प्रथम सत्रापुरतेच असते.

अशा गावात शिक्षकाने दोन गोष्टी कराव्यात. पहिली अशी की, पुढील शिक्षण ज्यांवर अवलंबून आहे ते वाचन, लेखन व संख्यांवरील क्रिया यांचे घटक शक्य तेथवर प्रथम सत्रात आणावेत. घटकांच्या ओळींचा क्रम बदलल्यावर आरंभ व समाप्तीची सूत्रे पहिल्या ओळीपासून पुन्हा उतरवून घ्यावीत, म्हणजे तारखा नव्या क्रमाने लागतात. दुसरी अशी की, तिसऱ्या पानावर प्रत्येक स्थलांतरित मुलाचे नाव, जाण्याची तारीख व परतण्याची तारीख यांची नोंद ठेवावी. जाण्याच्या तारखेपूर्वी समाप्त झालेले घटक निवडले की मुलाला काय मिळाले त्याची यादी होते. ती छापून पालकांबरोबर दिल्यास मूल ज्या शाळेत जाईल तेथील शिक्षकास उपयोगी पडते. जाण्याच्या व परतण्याच्या तारखांमधील घटक निवडले की मुलाचे काय बुडाले त्याची यादी होते. परतल्यावरचे पूरक अध्यापन याच यादीवरून करावे. ‘हा मुलगा कच्चा आहे’ या मोघम शेऱ्याऐवजी ‘याचा भागाकार व मापन राहिले आहे’ असे नेमके विधान शिक्षकास करता येते. मोघम शेऱ्यावर उपाय सापडत नाही, नेमक्या विधानावर सापडतो.

काही सूचना

१. नियोजित समाप्ती कधीही हाताने बदलू नये. प्रत्यक्ष तारीख एच स्तंभातच लिहावी. सूत्रावर तारीख टंकित केली की त्या ठिकाणी साखळी तुटते व पुढील तारखा मागील बदलांना दाद देत नाहीत. आरंभ व समाप्तीचे स्तंभ कुलूपबंद करून ठेवणे उत्तम.

२. एच स्तंभात खरी तारीखच लिहावी. घटक न शिकविता तारीख भरल्यास कोष्टक शिक्षकाचीच फसवणूक करील. तपासणीसाठी नीटनेटके दिसणारे परंतु खोटे कोष्टक असण्यापेक्षा तांबड्या चौकटींचे खरे कोष्टक असणे श्रेयस्कर.

३. दर शनिवारी शाळा सुटल्यावर दहा मिनिटे देऊन नोंदी पूर्ण कराव्यात. दैनिक टाचण त्यावरूनच काढावे.

४. कोष्टकाची एक प्रत शाळेच्या संगणकावर व एक अन्यत्र ठेवावी. वीज व इंटरनेट यांचा भरवसा नसलेल्या ठिकाणी दरमहा एक छापील प्रत भिंतीवर लावावी, म्हणजे बदली शिक्षक आल्यासही त्यास वर्ग कोठे आहे ते कळेल.

५. सत्राअखेर ‘काउंटइफ’ या सूत्राने कारणनिहाय दिवस मोजावेत. पावसाने किती, प्रशिक्षणाने किती, निवडणुकीने किती दिवस गेले, याचा आकडा केंद्रप्रमुखांच्या बैठकीत मांडता येतो. तक्रारीपेक्षा मोजलेला आकडा अधिक परिणामकारक ठरतो, आणि पुढील वर्षी राखीव दिवस किती ठेवावेत हेही त्यावरून समजते.

कोष्टक शिकवीत नाही. शिकविणे शिक्षकाकडेच राहते. वर्गात एखाद्या दिवशी मुलांच्या प्रश्नांत रमून पाठ लांबला, तर त्या दिवशी तक्त्याकडे पाहून मुलांना गप्प करणे हा नियोजनाचा हेतू नव्हे. उलट, उरलेल्या दिवसांचा हिशेब पुन्हा लागतो हे ठाऊक असल्यामुळे शिक्षक त्या प्रश्नांना निश्चिंतपणे वेळ देऊ शकतो. जूनमध्ये दिवस मोजावेत, प्रत्येक आठवड्यास ते पुन्हा पाहावेत, आणि सत्राच्या शेवटच्या घटकासही पहिल्या घटकाइतकाच अवधी मिळेल अशी काळजी घ्यावी. एवढे साधले तर कोष्टकाचे काम झाले.